अर्पिताचं ठिपक्यांचं गाव

माझी भाची काय काम करती असं कुणी इचारलं की माझी पंचाईत होती. डॉक्टरीण हाय का? न्हाय. मास्तरीण? ती बी न्हाय. परवा येरमाळ्याला एका लग्नात एका बाईनं लईच खोदून खोदून इचारलं, तवा म्या सरळ सांगून टाकलं, "गणित घालून किडं मारती." बाई माझ्याकडं बघतच राहिली. तिला वाटलं असंल, म्हातारीचं डोस्कं फिरलं. वाटू दे. मी काय खोटं बोलले न्हाय. आन खरं सांगू का, मी त्या लग्नाला गेलते हीच मोठी गोष्ट हाय. त्याच्या आदी कैक वरसं मी कुणाच्या मांडवात अक्षता टाकाया गेले न्हवते.

त्याचं कारण माझा डावा पाय.

माझा श्रीनाथ रांगत होता तवाची गोष्ट. थंडी वाजून ताप भरला, जांघंत गाठ आली, पाय सुजला. ताप गेला, सूज काय गेली न्हाय. परत ताप, परत सूज. असं करत करत पाय पार खांबासारखा झाला. पायातली जोडवी कापून काढावी लागली. हत्तीपाय म्हणत्यात ह्याला. काय एकेक नाव देत्यात माणसं! हत्ती तरी ऐटीत चालतो.

माझं मालक, दगडोबा, लई भला माणूस. कुठं कुठं नेलं मला. बार्शीला नेलं, सोलापूरला नेलं. कुणी पट्टी बांधली, कुणी डाग दिला, कुणी म्हणलं करणी हाय. करणारीचं नाव बी सांगितलं, माझ्या थोरल्या जावंचं. म्या म्हणलं, त्या बिचारीला धड कालवण करता येत न्हाय, ती करणी कवा करायची! पण पाय काय उतरला न्हाय. मग म्या लुगडं घोट्याच्या खाली सोडलं आन घराच्या भाईर पडायचं सोडलं. मालक गेलं, श्रीनाथचं लगीन झालं, सून आली. ती बी गुणाची. हितपतूर सगळं सोसलं म्या, तक्रार केली न्हाय.

मग नात झाली, वैष्णवी. आन माझ्या काळजात भ्या शिरलं.

हा पाय माझ्यासंगं सरणावर जाऊ दे, पण ह्या लेकराकडं जाऊ नये, एवढी एकच गोष्ट मला पायजे होती. दुसरं काय मागणं न्हवतं. पोरगी रांगत आली की मी खाटंवर पाय वर घ्यायची. माझ्या मांडीवर न्हाय, माझ्या अंथरुणात न्हाय, माझ्या तांब्यातलं पाणी बी न्हाय. सून म्हणायची, "आई, घ्या की जरा." मी म्हणायची, "कंबर दुखतीय माझी." सुनेला वाटायचं, नात झाली म्हणून म्हातारी रुसली. वाटू दे म्हणलं. पोरगी आपल्या बापाजवळ झोपायची. श्रीनाथचं पाय कसं, पैलवानासारखं! मी मनात म्हणायची, बरं हाय, तिथं पोरगी सुखरूप हाय.

आता अर्पिता. ही माझ्या थोरल्या भावाची. भावाचं परंड्यात, स्टँडच्या मागं, किराण्याचं लहान दुकान हाय. सुट्टी लागली की ही यष्टीत बसून आमच्या आंबरवाडीला यायची. लई चिकित्सक पोरगी. बाकीची पोरं माझ्या पायाकडं चोरून बघायची. हिनं एक दिवस समोर बसकण मारली आन इचारलं, "आत्या, एकच पाय का मोठा? दुसऱ्याला का नाही झालं?"

म्या म्हणलं, "देवाला इचार."

तर म्हणती कशी, "देव सांगत नाही, म्हणून तर तुम्हाला विचारते."

आता काय करावं अशा कार्टीला! पाठीत एक धपाटा घातला आन हातावर गुळाचा खडा ठेवला.

ती शिकली बार्शीला, मग पुण्याला. गणित शिकली. डॉक्टर हुण्यासारखं डोस्कं होतं, पण हिला गणितच पायजे. मग पुण्यातच एका संस्थेत लागली. काम काय, तर रोगाचं गणित. स्थळं यायची. पोरगी काय करती? हत्तीरोगावर संशोधन. पाव्हणं चहा अर्धा टाकून उठायचं. भावजय रडायची, ही हसायची. शेवटी तिला संस्थेतलाच एक पोरगा मिळाला, तो म्हणं डेंग्यूचं गणित घालतो. म्या म्हणलं, झकास झालं, एकाच घरात सगळं डास!

काही वरसामागं ही बॅग घेऊन दारात हजर. "आत्या, तुमच्या भागात काम निघालंय. तुमच्याकडंच राहीन."

"रहा की. इचारती काय!"

सांजच्याला ओसरीत बसून तिनं कॉम्प्युटर उघडला. पडद्यावर नुस्तं ठिपकं. काही राखाडी, काही लाल.

"हे तुमचं गाव, आत्या."

"हे? घरं कुठं हायत? भैरोबाचं देऊळ कुठं हाय?"

"एकेक ठिपका म्हणजे एकेक माणूस. लाल म्हणजे ज्याच्या अंगात किडा आहे. डास त्याला चावतो, मग दुसऱ्याला चावतो. असं पुष्कळदा झालं की दुसराही लाल होतो. दरवर्षी सगळ्यांनी गोळी खाल्ली की लाल ठिपके कमी होत जातात. कमी होत होत एक वेळ अशी येते, की डासाला लाल माणूस सापडतच नाही. मग किडा आपोआप संपतो. कायमचा. पुढं कुणालाच गोळी लागत नाही."

असं म्हणून तिनं एक बटण दाबलं. ठिपकं बदलाया लागलं. लाल हळूहळू इझत गेलं. मी डोळं फाडून बघत होते. कायमचा संपतो! हे मला इतक्या वरसात कुणी सांगितलं न्हवतं.

"ह्यातला माझा ठिपका कुठला गं?"

"तसं नाही सांगता येत. ठिपक्यांना नावं नसतात."

"बिननावाचं गाव असतंय व्हय कुठं!" म्या म्हणलं. पण मनात म्हणलं, नाव कशाला पायजे, सगळ्यात लालभडक असंल तो माझाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ही प्लॅस्टिकचं टब घेऊन माझ्यापुढं बसली. कोमट पाणी, साबण, मऊ फडकं. म्हणली, "पाय द्या." मी वरडले, "हात लावू नको! तुला हुईल!" तर म्हणली, "हात लावून होत नाही आत्या, डासानं होतं." म्या मनात म्हणलं, हातानं न्हाय तर डासानं, पण निघायचं तर माझ्याच पायातून न्हवं? पण ही ऐकती व्हय! तिनं पाय धुतला. कातडीच्या घड्या धुतल्या. ज्या पायाकडं माझी रगतामासाची माणसं धड बघत न्हवती, त्याची बोटं ही पोरगी एकेक करून पुसत होती. ओल ठेवायची न्हाय, चीर पडू द्यायची न्हाय, बसलं की पाय उशीवर वर ठेवायचा, असं सगळं शिकवलं तिनं. त्या दिसापासनं मला दर महिन्या-दीड महिन्याला भरणारा ताप जवळजवळ बंदच झाला. हे कुणी आदी का सांगितलं न्हाय, देव जाणे. मला रडू आलं. मग म्या तिला शिव्या दिल्या. मला रडू आलं की मी शिव्याच देती, त्याला काय इलाज न्हाय.

त्याच महिन्यात शाळंत तपासणी झाली. पहिली-दुसरीच्या पोरांच्या बोटाचं थेंबभर रगत एका पट्टीवर घ्यायचं. एक रेघ उमटली तर पोरगं चांगलं. दोन उमटल्या तर अंगात किडा शिरलाय. लहान पोरंच का, तर अर्पिता म्हणली, मोठ्यांचा किडा जुना बी असू शकतोय. सहा-सात वरसाच्या पोराला झाला, तर तो आत्ता, आपल्या डोळ्यादेखत झाला. आमच्या शाळंत बऱ्याच पोरांच्या पट्टीवर दोन दोन रेघा उमटल्या. गाव नापास. वैष्णवी तवा अंगणवाडीत, म्हणून तिची तपासणी झाली न्हाय. पण माझ्या तोंडचं पाणी पळालं.

दवाखान्याची माणसं म्हणायची, गोळ्या तर दरसाल वाटल्यात, गावात सगळ्यांच्या बोटाला शाई हाय, मग हे कसं झालं? मतदानाला लावत्यात तशी शाई गोळी दिली की बोटाला लावत्यात. अर्पिता कॉम्प्युटर मांडीवर घेऊन बसायची. ताटातलं उडदाचं घुटं गार व्हायचं, भाकरी वाळून कडक व्हायची, हिचं ध्यान न्हाय. एक दिवस मान वर केली आन म्हणली, "आत्या, गणित दोनच गोष्टी सांगतंय. एक तर तुमचे डास जगावेगळे आहेत. नाहीतर तुमच्या गावात तीच ती माणसं दरवर्षी गोळी खात नाहीत."

"तीच ती म्हंजे?"

"यंदा हा चुकला, पुढच्या वर्षी तो चुकला, तर किडा जगत नाही. पण तीच माणसं दरवर्षी चुकली, की किड्याला कायमचं घर मिळतं. गोळ्या कितीही वर्षं वाटा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "गावाला खोटं पाडतीस व्हय गं? आमी काय लबाड हाव? बोटाला शाई हाय सगळ्यांच्या! म्या सोता दरसाल, गोळ्या वाटाया येती त्या आशाताईच्या समोर गिळली गोळी. माझ्या घरात कोण हाय बिनगोळीचं, दाव मला!"

ती म्हणली, "आशाताई कुठल्या वारी येते?"

"आईतवारी. बाकीच्या दिवशी कोण सापडतंय? गडीमाणसं सगळी रानात. आईतवार सोनारीच्या भैरोबाचा. त्या दिवशी आमच्याकडं कुणी औत जुपत न्हाय. अख्खं गाव घरी असतंय, उपास असतोय ना सगळ्यांचा, दिवस मावळंपतूर..."

बोलता बोलता माझी जीभ थांबली. अर्पिता माझ्याकडं बघत होती, मी तिच्याकडं. ती गोळी मोकळ्या पोटी खायची न्हाय, हे आशाताई घरोघर सांगत होती. तापामुळं म्या आईतवार कवाच सोडलाय, पोरंसोरं धरत न्हाईत. पण बाकीचं गाव?

म्या श्रीनाथला हाक मारली. "तू गोळी खाल्ली का रं?"

त्यानं डोस्कं खाजवलं आन देव्हाऱ्याकडं बघितलं. पूजा तोच करतो. मला पायामुळं पाटावर बसता येत न्हाय, म्हणून मी काय त्या कोनाड्यात कवा हात घातला न्हवता. त्यानं देवाच्या टाकांच्या मागं हात घालून गोळ्यांची पाकिटं भाईर काढली. मागच्या सालची, त्याच्या मागच्या सालची. हळदकुंकू लागलेली.

"आशाताई म्हणायची, उपास सुटला की घ्या. शाई लावून पुढं जायची. मग तवर गोळी ठिवायची कुठं? ठिवली देवापुढं."

"आन सांजच्याला उचलायला काय झालतं?"

"आई, देवापुढं ठिवलेलं परत कसं उचलायचं? वाहिलं ते देवाचं."

कपाळाला हात लावला म्या. आन हा एकटा न्हवं. आळीत इचारलं, तर घरोघर कोनाड्यात भैरोबाच्या मागं हीच पाकिटं. कुणी चोरून टाकून दिली न्हवती, कुणी लबाडी केली न्हवती. सगळ्यांनी भक्तिभावानं देवाला गोळ्या चारल्या. अर्पिता आदी हसत सुटली, हसता हसता तिच्या डोळ्यात पाणी आलं. म्हणली, "आत्या, भैरोबाच्या अंगात किडा नाही, त्याला कशाला इतक्या गोळ्या?" त्या दिशी ती पोटभर जेवली. इतक्या वरसाचं कुणाला न सुटलेलं कोडं तिच्या गणितानं बरोबर आमच्या कोनाड्यापतूर आणून सोडलं होतं.

पण माझी मजा फार टिकली न्हाय. अर्पितानं श्रीनाथच्या बोटाचं रगत घेतलं. पट्टीवर दोन रेघा.

त्याचं ते धडधाकट पाय! "खोटी हाय तुझी पट्टी," म्या म्हणलं. तिनं मग माझ्या बी बोटाला सुई टोचली. माझ्या पट्टीवर एकच रेघ. मला वाटलं, उलटसुलट झालं काहीतरी.

"उलटं नाही, आत्या." ती माझ्या खाटंवर, अगदी पायाजवळ बसली. "जिवंत किडा असतो तो बहुतेक असल्याच माणसात. दुखत नाही, दिसत नाही, चालता-बोलता माणूस. तुमच्या अंगातले किडे केव्हाच मेले. त्यांनी मोडून ठेवलेल्या, पायातलं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या तेवढ्या राहिल्या, म्हणून सूज आहे. तुमच्या पायातून कुणाला काही जात नाही."

"माझा ठिपका?"

"लाल नाही. कितीतरी वर्षांपासून नाही."

सून दारात उभी होती. तिला तवा कळलं, माझी कंबर का दुखत होती ते. ती तोंडाला पदर लावून आत गेली. मी काय केलं इतकी वरसं? ज्या पायात काय न्हवतं त्याच्यापासनं पोरगी लांब ठेवली, आन किडा होता तिथं खुशाल झोपवली. सुखरूप म्हणून! मग मी सुटले. श्रीनाथला दिल्या, डासाला दिल्या, सगळ्यात जास्त त्या पायाला दिल्या शिव्या. अर्पितानं सगळ्या ऐकून घेतल्या.

वैष्णवी अंगणात खेळत होती. म्हणलं उठावं, उचलून घ्यावं. हात पुढं झालं, परत मागं आलं. इतक्या वरसाचं भ्या एका रेघंनं जातंय व्हय? आन जाऊन जाऊन कुठं जाईल, तिला बापाकडनं आलं असंल तर? म्या मनाशी ठरवलं. पोरगी पहिलीत जाईल, तवा शाळंत परत तपासणी हाय. तिची एकच रेघ येऊ दे. त्या दिशी घेईन मांडीवर. तवर पोरीनं इचारलं तर सांगायचं, मोठी झालीस की घेईन.

आता गाव सुधरायचं कसं? तालुक्याच्या डॉक्टरासंगं बसून अर्पितानं ठरवलं, वार बदलायचा न्हाय, कारण आईतवारीच माणूस गावतंय. येळ बदलायची. सांजच्याला भैरोबाचा निवद झाला, उपास सुटला, की तिथंच देवळात गोळी. पण देवळात म्हणलं की आमचा व्यंकट गुरव आडवा. लई तिरसट म्हातारा. "देवळाचा दवाखाना करता व्हय?" म्हणून हिच्या अंगावर आला. ही काय वाद घालत बसली न्हाय. म्हणली, "काका, तुम्ही भैरोबाला विचारा. आजवर गोळ्या त्याच्याकडंच गेल्यात, त्यालाच माहीत."

म्हातारा चपापला. मग त्यानं देवाला कौल लावला. मूर्तीला दोन्हीकडं फुलं चिकटवली आन सगळं गाव बघत बसलं. उजवं फूल पडलं. देवानं हो म्हणलं. आता त्यानं उजवं फूल जरा कमी पाणी लावून चिकटवलं होतं का, ते त्याचं त्याला ठाऊक. पण म्या त्या म्हाताऱ्याला मनातल्या मनात दंडवत घातला. घरोघरच्या जुन्या गोळ्या त्यानंच नारळ फोडून कोनाड्यातनं भाईर काढल्या.

तो आईतवार मी इसरायची न्हाय. आरती झाली, माणसं जेवून सभामंडपात बसली. अर्पिता कॉम्प्युटर घेऊन ठिपकं दावाया लागली. कोण बघतंय! बिराप्पा म्हणून एक मेंढरंवाला गडी हाय, आडमाप ताकदीचा. तो उठला. "ताई, माझं काय दुखत न्हाय, खुपत न्हाय. चांगल्या माणसानं औषध खाऊन आजारी पडायचं व्हय?" झालं. कालवा सुरू झाला. माणसं चपला शोधाया लागली. अर्पिताचा चेहरा उतरला. आणल्या होत्या तेवढ्या गोळ्या परत पिशवीत जातील आन परत एक साल जाईल, आन पहिलीत जाणारी माझी नात...

अर्पितानं हट्टानं नेलं म्हणून मी बी आलते, भाईर पायरीवर बसलेते. सगळ्यात मागं, सवयीनं. कशी उठले मला कळलं न्हाय. मंडपाच्या मधोमध गेले आन लुगडं गुडघ्यापतूर वर धरलं.

चपला शोधणारी माणसं वळली.

"बघा," म्या म्हणलं. "इतकी वरसं चोरून बघत आलाव, आज उघड बघा. बिराप्पा, हा पाय सुजायच्या आदी तुझ्या पायापेक्षा देखणा होता. माझं बी तवा काय दुखत न्हवतं, खुपत न्हवतं. किडा अंगात आला तवा मला सांगून आला न्हाय. आन आता माझ्या अंगात न्हाय तो. माझ्या श्रीनाथच्या अंगात हाय. माझ्या पोटच्या पोराच्या! तुमच्यात कुणाच्या हाय ते तुमाला ठाऊक न्हाय, मला ठाऊक न्हाय. ह्या पोरीला बी ठाऊक न्हाय, तिच्या ठिपक्याला नाव नसतंय. म्हणून सगळ्यांनी खायची. माझी नात ह्याच गावात झोपती. तुमची बी लेकरं झोपत्यात. काय म्हणणं हाय?"

दोन्ही पाय रोवून मी तशीच उभी राहिले. चांगला बी आन वाईट बी. श्रीनाथ खाली मान घालून पुढं आला, गोळ्या तोंडात टाकल्या आन माझ्याकडं बघत पाणी प्याला. व्यंकट गुरवानं त्याच्या कपाळाला अंगारा लावला आन सोता हात पुढं केला. मग बिराप्पा म्हणला, "द्या हिकडं तांब्या."

दुसऱ्या दिवशी श्रीनाथला सणकून ताप भरला. अर्पितानं सगळ्यांना आदीच सांगून ठेवलं होतं, ज्याच्या अंगात किडा मरतो त्यालाच एक-दोन दिवस तकलीफ होती. गावात अजून काही जणांना ताप आला. आदीच्या दिसात कालवा झाला असता. आता माणसं एकमेकाच्या घरी जाऊन हसत इचारायची, "मेलं का रं तुझं?" श्रीनाथला तालुक्याच्या दवाखान्यातनं पुढचं औषध बी मिळालं. त्याच्या डोक्यावर गार पाण्याच्या पट्ट्या ठिवताना मी हसत होते. माय असून हसत होते.

पुढच्या सालच्या गोळ्या बी तशाच देवळात झाल्या. आन यंदा वैष्णवी पहिलीत गेली.

तपासणीच्या आदल्या दिशी अर्पिता पुण्याहून आली. तिचं काम न्हवतं तिथं, तरी आली. म्या इचारलं, "काय म्हणतंय तुझं गाव?"

"पास होईल म्हणतंय."

"पक्कं?"

"पक्कं काही नसतं गणितात, आत्या."

"मग कशापायी घालतीस ती गणितं!"

ती म्हणली, "कुठं भ्यायचं आणि कुठं नाही, ते कळावं म्हणून."

ते वाक्य मला लागलं. माझ्याएवढं चुकीच्या जागी कोण भ्यालं असंल?

शाळंत पोरं रांगंनं बसलेली. वैष्णवीच्या बोटाला सुई टोचली, ती रडली न्हाय, मीच वरडले. पट्टी बाकावर ठेवली. पहिली रेघ आली. मग नुस्तं बघत बसायचं, दुसरी येती का न्हाय. मी भैरोबाचं नाव घेत होते आन अर्पिताचा हात दाबत होते. हात पार लाल झाला तिचा. मग ती नर्सबाई म्हणली, "निगेटिव्ह." मला कळंना. अर्पिता म्हणली, "एकच रेघ, आत्या." मग पुढचं पोर, त्याच्या पुढचं. एकाच्या बी पट्टीवर दुसरी रेघ न्हाय. अख्ख्या आंबरवाडीचा एक बी ठिपका तिथं लाल न्हवता. अर्पिता भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. म्या तिला म्हणलं, "रडतीस काय मुडदे!" आन मी बी रडले.

लोक म्हणत्यात, भैरोबानं केलं. व्हय, केलंच. त्यानं उजवं फूल पाडलं, त्याचं उपकार हायतच. पण ह्या पोरीचं उपकार मी कसं फेडू? लहानपणी तिनं इचारलं ते मी देवाकडं ढकललं होतं, ती तेच घेऊन शिकत गेली आन माझ्या दारात परत आली. मी रोज हात जोडती तवा दोघांचं नाव घेती, पहिलं कुणाचं ते मी सांगायची न्हाय.

त्या दिशी दुपारी अर्पिता परंड्याला गेली. जेवणं झाली, सून भांडी घासत होती. मी खाटंवर पाय उशीवर ठेवून पडलेते. वैष्णवी दप्तर टाकून आली आन सवयीनं लांब, उंबऱ्याजवळ उभी राहिली. म्या म्हणलं, "यी हिकडं."

तिनं माझ्या पायाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "मी मोठी झाले म्हणून?"

"व्हय, मोठी झालीस."

ती खाटंवर चढली. मांडी करून द्यावी म्हणलं, तर माझी मांडी हुईस्तवर कुठला तिला धीर. तिनं माझ्या त्याच पायाला दोन्ही हातानं मिठी मारली, वर डोकं टेकलं आन म्हणली, "आज्जे, किती मऊ उशी हाय गं ही!" आन बघता बघता झोपली.

पायाला रग लागली होती. मी पाय हलवला न्हाय.